वेढण्यावर दोनदा कर कशासाठी?

दसरा, पाडवा किंवा गुरुपुष्याचा योग आला, की महाराष्ट्रातील सराफी पेढ्यांवर एक विशिष्ट प्रकारचे गिऱ्हाईक दिसू लागते. त्याला हार नको असतो, पाटल्या नको असतात, काचेच्या कपाटातील नव्या घडणीकडे ते डोळे वर करूनही पाहत नाही. ते ग्रॅम-दोन ग्रॅमचे वेढणे मागते किंवा तेवढ्याच वजनाचे नाणे मागते, पैसे मोजून देते, आणि ती चिमुकली पुडी घरी नेऊन देवापुढे ठेवते. दुसऱ्या दिवशी ती कपाटात जाते आणि पुढची दहा-पंधरा वर्षे कोणाच्या दृष्टीस पडत नाही. हे गिऱ्हाईक बहुधा शिक्षक असते, कचेरीतला कारकून असतो, एस.टी.चा वाहक असतो किंवा निवृत्तिवेतनावर जगणारी एखादी विधवा असते. मुलीचे लग्न, मुलाच्या शिक्षणाची फी, घरातील मोठे आजारपण, एवढीच त्याच्या डोळ्यांपुढची प्रयोजने. सोन्याचा मोह म्हणून ज्याची अर्थशास्त्रज्ञ हेटाळणी करतात, त्याचे हे सर्वांत साधे आणि सर्वांत निरागस रूप आहे.

या गिऱ्हाइकाच्या हाती जे बिल पडते, त्यावर भावाखाली दोन ओळी असतात. केंद्राचा वस्तू व सेवा कर दीड टक्का आणि राज्याचा दीड टक्का. १ जुलै २०१७ रोजी ही करपद्धती अमलात आली, तेव्हा सोन्यासाठी ३ टक्क्यांचा एक स्वतंत्र दर मुद्दाम निर्माण करण्यात आला. सप्टेंबर २०२५ मध्ये याच कराच्या दरांची मोठी उलथापालथ झाली, १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे मोडीत निघाले, आयुर्विम्याच्या वैयक्तिक हप्त्यावरील कर गेला. सोन्याच्या ३ टक्क्यांना मात्र कोणी हात लावला नाही. दर तसा लहान आहे. ५ किंवा १८ टक्के भरणाऱ्या इतर वस्तूंच्या शेजारी तो इतका सौम्य दिसतो, की त्याविरुद्ध कोणी तक्रार करील असे सहसा वाटत नाही. तक्रार दराच्या आकड्याबद्दल नाहीच. तो कर किती वेळा घेतला जातो आणि कोणाकडून घेतला जातो, हा खरा प्रश्न आहे.

हिशेबाच्या सोयीसाठी दहा ग्रॅम चोख सोन्याचा भाव १ लाख रुपये धरू आणि तो स्थिर राहतो असे मानू. एखादा माध्यमिक शिक्षक पाडव्याला एक आणि दसऱ्याला एक, अशी दोन ग्रॅमची वेढणी दर वर्षी घेतो. दहा वर्षांत त्याच्याजवळ २० ग्रॅम सोने जमते. त्याची किंमत २ लाख रुपये आणि त्यावर वेळोवेळी भरलेला कर ६ हजार रुपये. मुलीचे लग्न ठरते. शिक्षक ती सारी वेढणी घेऊन पेढीवर जातो आणि तेवढ्याच सोन्याचा २२ कॅरटचा दागिना घेतो. पेढी वेढणी मोडीत घेते, दागिन्यातील सोन्याचे २ लाख आणि घडणावळीचे, समजा, २० हजार रुपये धरून २ लाख २० हजारांचे बिल करते, त्यातून वेढण्यांची किंमत वजा करते. कर मात्र वजाबाकीनंतरच्या रकमेवर लागत नाही. तो संपूर्ण २ लाख २० हजारांवर लागतो, म्हणजे ६,६०० रुपये. यांतले ६०० रुपये घडणावळीवरचे. त्याबद्दल कोणाचे काही म्हणणे असू नये. उरलेले ६ हजार ज्या सोन्यावर घेतले जातात, त्याच सोन्यावर त्या शिक्षकाने ६ हजार रुपये आधीच भरलेले असतात. घरातले सोने घरातच राहिले, फक्त त्याचा आकार बदलला; आणि तिजोरीने त्याच्यावर दुसऱ्यांदा पट्टी बसवली.

आता याच सोन्याचा सराफाकडचा प्रवास पाहावा. सराफ शुद्धीकरण करणाऱ्या कारखान्याकडून सोने घेतो तेव्हा तोही ३ टक्के भरतो. परंतु तो कर त्याच्या खात्यावर जमा म्हणून मांडला जातो आणि विक्रीच्या वेळी गिऱ्हाइकाकडून वसूल केलेल्या करातून वजा होतो. मालाने दहा हात बदलले तरी प्रत्येक टप्प्यावर फक्त वाढलेल्या मूल्यावर कर पडावा, करावर कर चढू नये, हेच तर या नव्या करपद्धतीचे मुख्य समर्थन होते. संसदेत, वृत्तपत्रांत आणि व्यापाऱ्यांच्या सभांतून ते वर्षानुवर्षे ऐकवले गेले. ही वजावट व्यापाऱ्याला मिळते. गृहस्थाला मिळत नाही. कारण कायद्याच्या दृष्टीने गृहस्थ हा साखळीचा शेवट आहे. त्याने वस्तू घेतली की ती उपभोगली गेली, संपली, असे कायदा गृहीत धरतो.

साबण, चहा, कापड यांच्या बाबतीत हे गृहीत बरोबरच आहे. विक्रीकराची कल्पनाच मुळी उपभोगाशी बांधलेली आहे. राजाजींनी १९३९ मध्ये मद्रास प्रांतात सर्वसाधारण विक्रीकर आणला, पुढे मुंबई प्रांताने १९४६ मध्ये तो स्वीकारला, तेव्हापासून या कराचा आधार हाच, की माणूस जेवढे वापरतो तेवढ्या प्रमाणात त्याने राज्याला द्यावे. साबण झिजतो, चहा पिऊन संपतो, कापड विरते. वेढणे झिजत नाही, विरत नाही. ते जसेच्या तसे परत दुकानाच्या काउंटरवर येते. दागिन्याच्या बाबतीत निदान असे म्हणता येते, की तो अंगावर मिरवला जातो, त्याचा उपभोग घडतो. कपाटातल्या नाण्याचा कोणता उपभोग घडतो? ती केवळ बचत आहे. बँकेतल्या मुदतठेवीवर ठेव ठेवतानाच कोणी ३ टक्के कापून घेतले, तर उद्या बँकांपुढे मोर्चे निघतील.

जुन्या पद्धतीत राज्ये ही गोष्ट थोडीफार ओळखून होती. महाराष्ट्रात २००५ मध्ये मूल्यवर्धित कर आला, तेव्हा सोने-चांदी आणि त्यांचे दागिने वेगळ्या अनुसूचीत घालून त्यांवर अवघा १ टक्का कर ठेवला होता. पुढे त्यात किंचित वाढ झाली. त्यामागे तत्त्वज्ञान फारसे नव्हते, व्यवहार होता. सोने ही अशी वस्तू आहे, की लाखो रुपयांचा माल सदऱ्याच्या खिशातून शेजारच्या राज्यात जातो. कर वाढला की विक्री सीमेपलीकडे किंवा बिलापलीकडे जाते. २०१७ मध्ये दर ठरवण्याची वेळ आली तेव्हा केरळचे तत्कालीन अर्थमंत्री थॉमस आयझॅक यांनी ५ टक्क्यांचा आग्रह धरला होता. श्रीमंतांच्या वस्तूवर गरिबांच्या बिस्किटांपेक्षा कमी कर का, हा त्यांचा युक्तिवाद वरवर बिनतोड होता. अखेर ३ टक्क्यांवर तडजोड झाली. या चर्चेत दागिना आणि वेढणे यांत काही फरक करावा, असे मात्र कोणाच्या मनात आल्याचे दिसले नाही.

ते येऊही नये, याला इतिहास कारण आहे. घडवलेल्या सोन्याकडे भारतीय राज्यसंस्था कौतुकाने पाहत आली आहे; न घडवलेल्या सोन्याकडे तिने नेहमी संशयानेच पाहिले. चीनशी झालेल्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्णनियंत्रणाचे नियम आणले. १४ कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास बंदी झाली आणि देशभरच्या सुवर्णकारांच्या भट्ट्या विझल्या. ती अट काही वर्षांत गेली, पण १९६८ च्या सुवर्णनियंत्रण कायद्याने दुसरी गोष्ट पक्की केली. दागिने बाळगायला मर्यादेपर्यंत मुभा. लगड, पत्रा, तार अशा स्वरूपातले ‘प्राथमिक’ सोने सामान्य माणसाने बाळगणे हा मात्र गुन्हा. ज्या वेढण्याविषयी हा लेख आहे, ते घरात सापडले तर गृहस्थाला फौजदारीला तोंड द्यावे लागेल, अशी स्थिती दोन दशकांहून अधिक काळ होती. त्या काळात सोने देशात येणे थांबले नाही. दहा तोळ्यांची बिस्किटे दुबईहून पडावांतून कोकण आणि गुजरातच्या किनाऱ्यावर उतरत राहिली आणि मुंबईत तस्करांची साम्राज्ये उभी राहिली. १९९० मध्ये हा कायदा रद्द करण्याची घोषणा करण्याचे श्रेय राजापूरच्या मतदारांनी लोकसभेत पाठवलेल्या अर्थमंत्र्यांकडे, मधू दंडवते यांच्याकडे, जाते. आयुष्यभर समाजवादाचा पुरस्कार केलेल्या माणसाने सोन्यावरचे निर्बंध उठवावेत, यात काहींना विसंगती दिसली. वस्तुतः कायद्याने काय साधले आणि काय बिघडवले, याचा हिशेब त्यांनी सरळ मांडला होता.

त्यानंतर एका वर्षातच एक विलक्षण प्रसंग घडला. १९९१ च्या मे महिन्यात परकीय चलनाची गंगाजळी आटली, तेव्हा तस्करांकडून जप्त केलेले २० टन सोने स्टेट बँकेमार्फत परदेशी धाडून सरकारने डॉलर मिळवले आणि जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंडकडे तारण ठेवले. अडचणीच्या दिवशी गृहस्थ जे करतो, तेच राष्ट्राने केले. रिझर्व्ह बँकेजवळ मार्च २०२५ अखेर ८७९ टनांहून अधिक सोने होते, आणि ते अर्थातच पाटल्या-बांगड्यांच्या रूपात नव्हते. चोख लगडींच्या रूपात होते. राज्यसंस्थेला स्वतःच्या बाबतीत चोख सोन्याची उपयुक्तता पूर्ण पटलेली आहे. शिक्षकाच्या कपाटात तेच सोने दिसले, की तिला ते अनुत्पादक वाटू लागते.

या संशयाची खूण नियमांत अजूनही सापडते. प्राप्तिकर खात्याच्या झडतीत विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅम, अविवाहित स्त्रीचे २५० ग्रॅम आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत, अशी सूचना १९९४ मध्ये निघाली. ती सूचना दागिन्यांपुरती आहे. नाणी आणि लगडी यांना तिचे संरक्षण नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये चालू खात्यावरील तूट आवरेनाशी झाली, तेव्हा सोन्याची नाणी आणि पदके यांच्या आयातीवर संपूर्ण बंदी घातली गेली. ती उठायला फेब्रुवारी २०१५ उजाडले. नोव्हेंबर २०१५ मध्ये सरकारने अशोकचक्राची आणि गांधीजींच्या मुद्रेची ‘भारतीय सुवर्णनाणी’ स्वतःच विक्रीला काढली. म्हणजे दोन वर्षांत नाणे आधी देशद्रोही ठरले आणि मग देशभक्त झाले. करापुरते ते दोन्ही वेळा सारखेच राहिले. बँकांची तर गंमतच होती: मोहोरबंद पाकिटातील नाणे त्या विकत, पण तेच नाणे परत विकायला आणले तर घेण्याची त्यांना परवानगी नसे.

चोख सोन्याला शिक्षा केली की लोक सोने घेणे सोडत नाहीत. ते दागिन्याकडे वळतात, आणि तिथे घडणावळ आणि मोडताना येणारी घट मिळून त्यांच्या बचतीतला मोठा भाग निघून जातो. आयातीचे टन तेवढेच राहतात, गृहस्थाच्या हाती उरणारे ग्रॅम कमी होतात. यांतून राष्ट्राचे कोणते हित साधते, हे अर्थखात्यालाच ठाऊक.

श्रीमंताला या कशाचीच झळ पोहोचत नाही, ही या प्रकरणातली सर्वांत बोचणारी बाजू आहे. ज्याच्याजवळ डीमॅट खाते आहे, दलाल आहे, सल्लागार आहे, तो शेअरबाजारात सुवर्णनिधीची युनिटे घेतो. त्या युनिटांच्या खरेदीवर वस्तू व सेवा कर नाही. कारण कायद्यातील ‘वस्तू’ या शब्दाच्या व्याख्येतून पैसा आणि रोखे ही दोन्ही मुळातच वगळलेली आहेत. सोन्यात गुंतवलेली पाच कोटी रुपयांची युनिटे ही वस्तू नव्हे. देवापुढचे एक ग्रॅमचे नाणे ही वस्तू आहे. पैशाच्या व्याख्येत एक आणखी बारकावा आहे. छांदिष्टांनी केवळ दुर्मिळतेसाठी जपलेले चलन तिच्यातून वगळले आहे, म्हणजे जुनी मोहोर हा कायद्याला पैसा वाटत नाही, संग्राह्य वस्तू वाटते. ज्या धातूने पैशाला हजारो वर्षे किंमत दिली, तो पैसा नाही आणि त्या धातूचे नाव छापलेला कागद मात्र वस्तू नाही, असा हा न्याय आहे.

लहान माणसाला या कागदी वाटेवर आणण्याचा एक चांगला प्रयत्न सरकारने केला होता, हे मान्य करायला हवे. नोव्हेंबर २०१५ पासून रिझर्व्ह बँकेमार्फत सार्वभौम सुवर्णरोखे निघू लागले. एका ग्रॅमपासून खरेदी, आठ वर्षांची मुदत, वर व्याज, खरेदीवर वस्तू व सेवा कर नाही. डाकघरातही ते मिळत. पहिल्या मालिकेतील रोखा ग्रॅमला २,६८४ रुपयांना निघाला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ६,१३२ रुपयांना त्याची परतफेड झाली. गुंतवणूकदार खूश झाले आणि तेवढ्याच प्रमाणात अर्थखाते नाखूश झाले, कारण भाववाढीचा भार तिजोरीवर पडला. फेब्रुवारी २०२४ च्या मालिकेनंतर नवे रोखे निघाले नाहीत. सरकारचा हिशेब सरकारपुरता बरोबर असेल. पण डीमॅट खाते नसलेल्या माणसाला करमुक्त सोन्याची जी एक वाट मोकळी होती, ती बंद झाली आणि तो पुन्हा सराफाच्या काउंटरवर, त्या दोन ओळींच्या बिलापाशी, येऊन उभा राहिला.

इतर देशांनी हा प्रश्न कसा सोडवला, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत विक्रीकर हा आजही राज्यांचा विषय आहे आणि तिथे सोन्याच्या नाण्यांवर व लगडींवर तो असावा की नसावा, हा वाद राज्याराज्यांच्या विधिमंडळांत सतत चालू असतो. अमेरिकेच्या राज्यघटनेनेच राज्यांना सोन्या-चांदीच्या नाण्यांखेरीज इतर कशालाही कर्जफेडीचे वैध चलन ठरवण्यास मनाई केली आहे. तेव्हा नाण्यावर विक्रीकर घेणे म्हणजे पैशावर कर घेणे होय, असे करविरोधकांचे म्हणणे असते. बहुसंख्य राज्यांनी या ना त्या स्वरूपात सूट दिली आहे. मात्र न्यूयॉर्कमध्ये ही सूट हजार डॉलरहून मोठ्या खरेदीलाच लागू होते आणि कॅलिफोर्नियाने २०२३ पासून ही मर्यादा दोन हजार डॉलरांवर नेली. म्हणजे थैलीभर नाणी घेणारा मोकळा आणि एक नाणे घेणारा करपात्र. टेक्सासमध्येही असाच नियम होता; २०१३ मध्ये तिथल्या विधिमंडळाने किमान रकमेची अट काढून टाकली आणि लहान-मोठा हा भेद संपवला. उलट दिशेचे उदाहरणही आहे. अर्थसंकल्पातील तूट भरून काढण्याच्या धडपडीत वॉशिंग्टन राज्याने २०२५ मध्ये कायदा करून आपली जुनी सूट १ जानेवारी २०२६ पासून रद्द केली.

युरोपने अधिक नेमका मार्ग काढला. १९९८ च्या निर्देशानुसार, २००० सालापासून, ‘गुंतवणुकीचे सोने’ अशी वेगळी जात ठरवून ती मूल्यवर्धित करातून मुक्त करण्यात आली. लगड असेल तर शुद्धता हजारात ९९५ हवी. नाणे असेल तर किमान ९००, शिवाय ते १८०० सालानंतर पाडलेले आणि आपल्या देशात चलन असलेले किंवा पूर्वी असलेले हवे. दागिन्यावर पूर्ण कर, चांदीवरही कर. गुंतवणुकीच्या सोन्यावर नाही. सिंगापूरने ऑक्टोबर २०१२ पासून सोने, चांदी आणि प्लॅटिनम या तिन्हींना गुंतवणुकीच्या शुद्धतेत असल्यास हीच सवलत दिली. या देशांना सोन्याचे वेड आहे असे कोणी म्हणणार नाही. वस्तू वापरणारा आणि मूल्य साठवणारा यांत फरक करणे शक्य आहे, एवढेच त्यांनी दाखवले.

भारताने युरोपचे अनुकरण करून चोख सोने सरसकट करमुक्त करावे काय? त्याविरुद्ध दोन भारदस्त आक्षेप आहेत आणि ते हसण्यावारी नेता येणार नाहीत. भारत जवळजवळ सर्व सोने आयात करतो आणि त्यासाठी मौल्यवान परकीय चलन खर्ची पडते. युरोपातील गृहस्थ दर दसऱ्याला सोने घेत नाही, भारतातला घेतो. दुसरे असे, की संपूर्ण सूट दिली तर तिचा सर्वाधिक लाभ किलोने सोने घेणाऱ्यांना होईल.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर बंदरावर आहे, पेढीवर नाही. आयात आवरायची तर आयात शुल्क हे साधन सरकारच्या हाती आहेच आणि सरकारने ते मुक्तहस्ते वापरले आहे. २०१२ च्या आरंभी २ टक्के असलेले शुल्क ऑगस्ट २०१३ पर्यंत १० टक्क्यांवर गेले, जुलै २०२२ मध्ये १५ टक्क्यांवर पोहोचले आणि तस्करीची प्रकरणे विमानतळांवर रोज सापडू लागल्यावर जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात एकदम ६ टक्क्यांवर उतरवावे लागले. हा चढउतार पाहिला म्हणजे धोरण कमी आणि धावपळ अधिक, असे म्हणावेसे वाटते. पण निदान ते शुल्क प्रत्येक ग्रॅमवर एकदाच पडते. शिक्षकाने वेढणी मोडून दागिना घेतला, यात नवे सोने देशात येत नाही. उलट त्याने जुने सोने बाजारात परत आणले, म्हणजे तेवढी आयात वाचवली. आयात रोखण्याच्या नावाखाली त्या व्यवहारावर पुन्हा ३ टक्के घेणे हे, ज्याने पाणी वाचवले त्याच्याकडूनच पाणीपट्टी दुप्पट घेण्यासारखे आहे.

दुसऱ्या आक्षेपासाठी सरसकट सूट न देताही मार्ग आहे. सराफाला जी वजावट मिळते, तीच गृहस्थाला द्यावी. त्याने पक्क्या बिलाने चोख सोने घेतले असेल आणि तेच सोने देऊन तो दागिना घेत असेल, तर बिलावर दाखवलेला कर दागिन्याच्या करातून वळता करून द्यावा. वरच्या उदाहरणातील शिक्षकाने मग ६,६०० ऐवजी ६०० रुपये भरावेत. सवलतीला वजनाची मर्यादा घालावी. १९९४ च्या सूचनेतील आकडे हाताशी आहेतच. विलक्षण असे यात काही नाही. गृहस्थाने स्वतःचे सोने कारागिराला देऊन दागिना घडवून घेतला, तर आजही फक्त मजुरीवर ५ टक्के कर लागतो, म्हणजे त्या २० हजारांवर १ हजार रुपये. सोने तेच, दागिना तोच. पण मोबदला म्हणून दिले तर एक कर आणि घडवायला दिले तर दुसरा. ओळखीचा सोनार आळीत होता तेव्हा लोक घडवायला देत. तो सोनार आता राहिला नाही, सोन्यात भेसळ होईल ही धास्ती मात्र राहिली. म्हणून लोक झगमगीत दालनात जाऊन तयार दागिना घेतात आणि महाग करात सापडतात.

कायद्यालाही हे तत्त्व अगदीच परके नाही. कर लागू झाल्यावर जुलै २०१७ मध्ये, गृहस्थाने जुने दागिने सराफाला विकले तर त्या विक्रीवर ३ टक्के लागतील, असे आधी सांगण्यात आले. गदारोळ झाला आणि गृहस्थ हा सोन्याचा व्यापारी नव्हे, म्हणून त्यावर कर नाही, असा खुलासा दुसऱ्याच दिवशी करावा लागला. कर्नाटकातील अग्रिम निर्णय प्राधिकरणाने २०२१ मध्ये असे मत दिले, की व्यक्तींकडून घेतलेला जुना दागिना सराफाने रूप न बदलता पुन्हा विकला तर खरेदी आणि विक्री यांच्या किमतींतील फरकावरच कर बसेल. रूप न बदलता विकले तर फरकावर कर, आणि वितळवले की पूर्ण किमतीवर! वेढण्याच्या नशिबी वितळणे ठरलेलेच असते.

खोट्या बिलांचे काय, असे अधिकारी विचारतील. प्रश्न रास्त आहे. बिले गहाळ होतील, उसनी घेतली जातील, बनवलीही जातील. परंतु दागिन्यांवर हॉलमार्कबरोबर सहा अक्षरांकांचा स्वतंत्र क्रमांक कोरण्याची व्यवस्था २०२१ पासून उभी राहिली आहे. लाखो दागिन्यांच्या बाबतीत जे जमले, ते मोहोरबंद नाण्याच्या बाबतीत जमणार नाही असे मानण्याचे कारण नाही. क्रमांक असलेले नाणे, त्याचे बिल आणि खरेदीदाराचा पॅन, एवढ्यावर वजावट बांधता येईल. ज्याच्याजवळ यांतले काही नाही, त्याला वजावट नाही. जुनी, बिनबिलाची वेढणी अर्थातच बाहेर राहतील. त्याला इलाज नाही.

याचा एक परिणाम असा होईल, की जो आज केवळ छाप्यांनी साधण्याचा प्रयत्न होतो. प्रत्येक लहानमोठ्या बाजारपेठेत सराफ गिऱ्हाइकाला हळूच विचारतो: पक्के बिल हवे, की नको? नको म्हटले तर ३ टक्के वाचतात. दहा हजारांच्या नाण्यावर तीनशे रुपये म्हणजे कारकुनाच्या घरचा आठवड्याचा भाजीपाला. तो नको म्हणतो. त्याक्षणी सरकारचा कर बुडतो, ते सोने हिशेबाबाहेर जाते आणि गिऱ्हाइकाच्या हाती शुद्धतेचा कोणताही पुरावा राहत नाही. सोने पुढे कमी कसाचे निघाले तर तो तक्रार कोणाकडे आणि कशाच्या आधारे करणार? आज बिल जपून ठेवण्यात त्याचा काहीच फायदा नाही. ते तीनशे रुपये पुढे लग्नाच्या वेळी परत मिळणार आहेत, असे त्याला कळले, तर तो स्वतःच बिलासाठी अडून बसेल. व्यापाऱ्यांच्या बाबतीत वजावटीने हेच साधले आहे; पुढच्याने मागच्याकडे बिल मागावे आणि साखळीने स्वतःवरच पहारा ठेवावा, हा या पद्धतीचा गाभा आहे. ती साखळी गृहस्थाच्या दारात येऊन तुटते.

यासाठी नवा कायदा संपूर्णपणे लिहायला नको. वस्तू व सेवा कर परिषदेची शिफारस आणि तदनंतरची तरतूद, एवढ्याने आरंभ होऊ शकतो. परिषदेत केंद्राच्या मताला एक तृतीयांश वजन आहे आणि सर्व राज्यांच्या मतांना मिळून दोन तृतीयांश. कोणत्याही निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागते. राज्ये एरवी प्रत्येक गोष्टीचे खापर दिल्लीवर फोडतात, पण बिलावरचा दीड टक्का त्यांचा स्वतःचा आहे आणि त्याविषयी बोलण्याचा अधिकारही त्यांचाच आहे. मुंबईचा झवेरी बाजार आणि जळगावची सुवर्णपेठ ज्या राज्यात आहे, त्या महाराष्ट्राच्या अर्थमंत्र्यांनी हा विषय परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घालावा, आणि प्रारंभी शंभर ग्रॅमपर्यंतच्या क्रमांकित नाण्यांपुरती तरी वजावटीची मागणी करावी.